कोपऱ्यातली सही

कॉलेजात व्याख्यानाला येणाऱ्या पाहुण्यांचा परिचय आला तेव्हा मी नळस्टॉपच्या सिग्नलला उभा होतो. व्हॉट्सॲपवर साडेचार ओळी. बी.कॉम., १९९१ साली मुंबईतल्या एका जाहिरात संस्थेत क्लायंट सर्व्हिसिंगला सुरुवात, पुढे कॉपी (म्हणजे जाहिरातीचा मजकूर लिहिणं), पुढे प्लॅनिंग, पुढे स्वतंत्र सल्लागार. उरलेली अर्धी ओळ म्हणजे ‘सध्या वास्तव्य पुणे’. सिग्नल सुटायच्या आत तीस-पस्तीस वर्षं वाचून झाली.

मी एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवतो. जाहिरातलेखनाचा पेपर माझ्याकडे, त्यामुळे पाहुण्यांना बोलावणं, त्यांची ओळख करून देणं आणि मुलांना ‘तयार ठेवणं’ ही तिन्ही कामं ओघानेच माझ्याकडे आली. तयार ठेवणं म्हणजे प्रश्नोत्तरांच्या वेळी हॉलमध्ये शांतता पसरू नये, एवढीच विभागप्रमुखांची अपेक्षा. मागच्या वर्षी पसरली होती. पाहुणे आशेने इकडेतिकडे बघत होते, मुलं मोबाइलकडे. शेवटी मीच उठून ‘सर, आपल्या यशाचं रहस्य काय?’ असं विचारलं आणि सर म्हणाले, ‘मेहनत.’ टाळ्या झाल्या. तो प्रश्न आठवला की अजून कानाच्या पाळ्या गरम होतात.

खरं तर ऐकायला जाण्याचीही तयारी लागते, हे पुण्यात कुणाला सांगायला नको. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली इथे वसंत व्याख्यानमाला सुरू केली. माझे आजोबा ऐन मे महिन्यात रोज संध्याकाळी टिळक स्मारकला त्या व्याख्यानांना जायचे, पण त्याआधी दुपारची झोप मोडून विषय वाचून ठेवायचे. खिशात कागदाचे चार चौकोनी कपटे, प्रश्नाच्या चिठ्ठीसाठी. ‘रिकाम्या डोक्याने गेलं की सगळंच पटतं,’ म्हणायचे. वक्त्यांना ते आवडत असेल की नाही, शंका आहे.

आता लेखक येणार असेल तर पुस्तकं वाचावीत, गायक येणार असेल तर गाणं ऐकावं. जाहिरातवाल्या बाई येणार असतील तर काय करायचं? त्यांचं काम आपण सगळ्यांनी ऐकलेलं असण्याची शक्यता आहे, कदाचित पाठही असेल. फक्त ते त्यांचं आहे हे कुठेच लिहिलेलं नाही.

वर्गात एक प्रयोग केला. जुन्या जाहिरातींच्या ओळींची पहिली अर्धी बाजू मी म्हणायची, पुढचं मुलांनी. निरमा झालं, विको झालं, ‘हमारा बजाज’ झालं. ही मुलं शाळेत जाईपर्यंत आकुर्डीच्या कारखान्यातून जुनी चेतक स्कूटर निघणं बंद झालं होतं. चेतकसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचे, हेही त्यांना दंतकथेसारखं वाटतं. तरी १९८९ सालची जाहिरात त्यांना येते. आईवडिलांकडून आली की यूट्यूबवरून, देव जाणे. मग विचारलं, ही कुणी केली? शांतता. मागच्या बाकावरून उत्तर आलं, ‘कंपनीनेच केली असेल ना, सर.’

लिंटास या जाहिरात संस्थेने केली, ॲलिक पदमसी तेव्हा तिथले प्रमुख होते, असं मी सांगितलं. वहीत उतरवूनही घेतलं मुलांनी. पण ‘कंपनीनेच’ हे उत्तर डोक्यातून जाईना, कारण मी ज्या घरात वाढलो तिथे जाहिरातीखाली सही असायची.

माझा काका बोर्ड रंगवायचा. नारायण पेठेतल्या वाड्याच्या ओसरीवर त्याचं काम चाले. पत्र्याला आधी रेड ऑक्साइडचा हात, मग इनॅमल पेंटची जमीन, मग खडू लावलेली दोरी दोन टोकांना ताणून मधे टचकन सोडायची. पांढरी सरळ रेघ उमटायची. दोरीचं एक टोक धरायचं काम माझं. डाव्या हातातल्या काठीवर उजवं मनगट टेकवून काका अक्षर काढायला घ्यायचा, आणि तोपर्यंत अखंड चाललेली त्याची बडबड थांबायची.

कामाचा दर अक्षरावर असे. काना, मात्रा, वेलांटीचे वेगळे पैसे नाहीत. इथपर्यंत ठीक. पण जोडाक्षर आलं की ओसरीवर धर्मसभा भरायची. ‘लक्ष्मी’ ही अक्षरं किती? दुकानदार म्हणायचा दोन. काका म्हणायचा, ‘ल’ एक, आणि ‘क्ष्मी’ला मला ब्रश किती वेळा बुडवावा लागतो ते इथे बसून मोजा. लक्ष्मी रस्त्यावर दुकान असलेल्या गिऱ्हाइकाला पत्ता टाकायचा म्हटलं तरी हा वाद टळत नसे. ‘श्री’ मात्र काका फुकट काढून द्यायचा.

सगळं वाळलं की शेवटी उजव्या कोपऱ्यात, करंगळीच्या नखाएवढ्या अक्षरांत, स्वतःचं आडनाव आणि पुढे ‘आर्ट्स’. त्याचे पैसे लावत नसे. मला लहानपणी वाटायचं की चित्रकार चित्रावर करतात तशीच ही सही. बऱ्याच वर्षांनी कळलं की ती त्याची जाहिरात होती. पुढचं गिऱ्हाईक बोर्ड बघून यायचं ते त्या कोपऱ्यामुळे. २०००च्या आसपास फ्लेक्स आला आणि दोन-तीन वर्षांत ओसरी रिकामी झाली. त्याबद्दल फार लिहीत नाही. सगळ्या पेंटरांचं तेच झालं.

फ्लेक्सवरून आठवलं. वर्गातल्या एका मुलाच्या वडिलांचा हडपसरला फ्लेक्स छापायचा व्यवसाय आहे. काकाच्या सहीची गोष्ट ऐकून तो म्हणाला, ‘सर, आमच्याकडे उलटं असतं. वाढदिवसाच्या बॅनरवर मजकूर एक ओळ आणि खाली शुभेच्छुक बावीस.’ खरंच की. चौकाचौकातले ते बॅनर म्हणजे नुसत्या सह्याच. गॉगल लावलेल्या, हात जोडलेल्या, पासपोर्ट आकाराच्या सह्या. फक्त बॅनर ज्याने मांडला त्याची तेवढी नाही.

तर जाहिरात संस्थांच्या जाहिरातींवर सही का नसते? याचं एक उत्तर पैशाच्या व्यवहारात आहे आणि ते मला ही तयारी करताना पहिल्यांदा नीट कळलं. संस्थांना पिढ्यान्‌पिढ्या पैसे मिळत ते मजकुराचे नव्हेत, जागेचे. वर्तमानपत्रातली जागा संस्थेने आपल्या ग्राहकासाठी घ्यायची आणि त्या रकमेवर वर्तमानपत्राने तिला पंधरा टक्के दलाली द्यायची, हा जगभर रुळलेला रिवाज. म्हणजे ओळ जवळजवळ फुकट, काकाच्या ‘श्री’सारखी. चार शब्दांसाठी कुणी चार रात्री जागला तरी हिशेब व्हायचा तो जागेचा. जागा घेतली ग्राहकाने, पैसे मोजले ग्राहकाने, मग तिथे नावही ग्राहकाचंच. अक्षरावर पैसे घेणारा माझा काका सही करायचा. जागेवर पैसे घेणारे करत नसत. आता ते पंधरा टक्के पूर्वीसारखे राहिलेले नाहीत, जागा-वेळ विकत घ्यायचं काम वेगळ्या मीडिया कंपन्यांकडे गेलं, संस्था ठरावीक फी घेतात. सही मात्र अजून नाहीच.

अगदीच नव्हती असंही नाही. आईच्या कपाटात जुन्या दिवाळी अंकांचा गठ्ठा आहे, दरवर्षी रद्दीत जाता जाता वाचलेला. दिवाळी अंक जाहिरातींवर जगतात. मी या वेळी कथा-कविता सोडून फक्त जाहिराती बघत बसलो. भिंग घेऊन. कित्येक जाहिरातींच्या कडेला मुंगीच्या पायाएवढ्या उभ्या अक्षरांत काहीतरी असतं. लहानपणापासून मला तो छपाईतला दोष वाटायचा. पण ती संस्थेची खूण असते, नाव किंवा नावाची आद्याक्षरं आणि पुढे आकडा: कुठे लिंटास, कुठे एचटीए, कुठे उल्का. कागद आडवा करून डोळ्याजवळ नेल्याशिवाय वाचता येऊ नये, अशी व्यवस्था. दुसऱ्या दिवशी दोन अंक वर्गात नेले. मुलं अर्धा तास खुणा शोधत होती. त्या अर्ध्या तासात एकानेही ‘सर, हे परीक्षेला आहे का’ विचारलं नाही.

कडेची खूण संस्थेची असते, माणसाची नाही. माणसं शोधायला लागलो तेव्हा काही ओळखीचीच निघाली, वेगळ्याच दारातून. अरुण कोलटकर. कवी म्हणून आपण त्यांच्यापुढे हात जोडतो. पण पोटापाण्याचा उद्योग मुंबईच्या जाहिरात क्षेत्रात, आर्ट डायरेक्टरचा, म्हणजे जाहिरातीचं चित्र आणि मांडणी बघणाऱ्याचा; आणि तोही लपूनछपून नव्हे, कमर्शियल आर्टिस्ट्स गिल्डची पारितोषिकं त्यांनी सहा वेळा मिळवली. २००४ साली पुण्यात त्यांचं निधन झालं. कवितांखाली त्यांचं नाव आहे. त्यांनी केलेल्या जाहिराती कदाचित आईच्या त्या गठ्ठ्यातही असतील, आणि मी भिंग घेऊनही त्यांना ओळखणार नाही.

दुसरे र. कृ. जोशी. सांगलीचे, कवी आणि सुलेखनकार, उल्कामध्ये अनेक वर्षं आर्ट डायरेक्टर. विंडोज संगणकावर मराठी उघडलं की वर्षानुवर्षं जो ‘मंगल’ हा देवनागरी टंक समोर यायचा, तो त्यांनी घडवलेला. निमंत्रणं, अर्ज, राजीनामे, प्रेमपत्रं, सरकारी परिपत्रकं, सगळी त्या अक्षरांत. कोपऱ्यात सही नाही. वर्गात सांगितलं तेव्हा एका मुलीने लॅपटॉप उघडून स्वतःचंच नाव मोठं करून बराच वेळ बघितलं.

आर. के. लक्ष्मण यांचं नाव मी मुद्दाम मागे ठेवलं होतं. त्यांची व्यंगचित्रातली सही सगळ्या देशाला ओळखू यायची. पण एशियन पेंट्सचा तो रंगाचा डबा आणि ब्रश घेतलेला, कपाळावर केस आलेला गट्टूही त्यांनीच १९५४ मध्ये काढला, हे माझ्या वर्गात कुणाला माहीत नव्हतं. गट्टू कोण, हेही निम्म्यांना माहीत नव्हतं. शिक्षकाने अशा वेळी वय मोजू नये.

शंकरराव किर्लोस्करांवर मात्र मी एक अख्खा तास घेतला. वेळापत्रकात बसत नसतानाही. नांगर तयार करणाऱ्या कारखान्यातला, चित्रकला शिकलेला हा माणूस. १९२० साली त्यांनी किर्लोस्करवाडीहून ‘किर्लोस्कर खबर’ काढलं. उद्देश कारखान्याची आणि मालाची ओळख लोकांना करून देण्याचा, म्हणजे सरळ जाहिरातीचा. त्याचंच पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झालं, पाठोपाठ १९३० मध्ये ‘स्त्री’, १९३४ मध्ये ‘मनोहर’. मराठी मध्यमवर्गाच्या दोन पिढ्या ज्या मासिकांवर वाढल्या त्यांचं मूळ लोखंडी नांगराच्या जाहिरातीत आहे. आपल्याकडे जाहिरात म्हटलं की नाक मुरडायची पद्धत आहे, विशेषतः मराठी विभागांमध्ये. त्या नाकांसाठी तो तास होता. नाकं अर्थातच आली नव्हती.

हे सगळं करताना पाहुण्यांच्या साडेचार ओळी मी टेबलाच्या काचेखाली ठेवल्या होत्या. रोज बघून बघून एक गोष्ट लक्षात आली. त्यातला सगळा माल ‘पुढे’ या शब्दात आहे. क्लायंट सर्व्हिसिंग, पुढे कॉपी. किती सहज लिहिलंय. सर्व्हिसिंगवाल्यांनी ग्राहकाकडे जायचं, त्याला काय हवंय ते ऐकायचं, ब्रीफ लिहायचं, आणि क्रिएटिव्हवाल्यांनी ते वाचून काम करायचं. एकाच मजल्यावरचे दोन सवतासुभे. सर्व्हिसिंगचा माणूस ‘मलाही एक ओळ सुचलीय’ म्हणून क्रिएटिव्हच्या दारात उभा राहिला तर त्याचं स्वागत कसं होत असेल, हे कुठल्याही कचेरीत काम केलेल्याला कळेल. पीयूष पांडे हे दार ओलांडून गेले होते. राजस्थानकडून रणजी खेळलेला, मग चहाची चव पारखण्याची नोकरी केलेला हा माणूस १९८२ मध्ये ओगिल्वीत लागला तो सर्व्हिसिंगमध्येच. काही वर्षांनी लिहिण्याच्या बाजूला गेला. त्या संस्थेचा संस्थापक डेव्हिड ओगिल्वी तर पॅरिसच्या हॉटेलात स्वयंपाकी होता, स्कॉटलंडमध्ये दारोदार शेगड्या विकत होता, जनमत पाहण्या करत होता, अमेरिकेत शेतीही करून झाली होती. १९४८ मध्ये संस्था काढली तेव्हा चाळिशी जवळ आली होती. मोठ्या माणसांच्या बाबतीत या वळणांची गोष्ट होते. बाकीच्यांच्या बाबतीत आपण ‘पुढे’ लिहितो.

मुलांना चिठ्ठ्या लिहायला सांगितल्या, आजोबांसारख्या. एक्केचाळीस आल्या. पॅकेजबद्दल अकरा, एआयमुळे कॉपीरायटरच्या नोकऱ्या जातील का याबद्दल नऊ, पोर्टफोलिओत काय ठेवावं याबद्दल सहा, ‘आपले प्रेरणास्थान कोण’ चार. पॅकेजच्या अकरा चिठ्ठ्या मी आधी बाजूला सारल्या आणि मग लाजून परत घेतल्या. पैशाची चौकशी करायला पोरांनी का लाजावं? मी स्वतः महिन्याला किती तासिका भरल्या ते बोटांवर मोजतो. फक्त प्रश्न फिरवून घेतला: पहिल्या पगारात मुंबईत कुठे राहिलात, सोबत कोण होतं, आणि महिना संपायच्या आधी पैसे संपायचे तेव्हा काय करत होता? आकडा कळून मुलांना काही उपयोग नाही, १९९१चा आकडा आहे तो. डबा कुठून यायचा ते कळलं तर आहे.

एका चिठ्ठीवर नाव नव्हतं. ‘मॅडम, इंग्रजी फार चांगलं येत नाही. चालेल का?’

ही चिठ्ठी मी पाकिटात ठेवली, कारण ती पंचवीस वर्षांपूर्वी मीच लिहिली असती. तेव्हा मी एका जाहिरात संस्थेसाठी घरबसल्या भाषांतरं करायचो. इंग्रजी मजकूर संध्याकाळी यायचा, मराठी सकाळी द्यायचं, जाहिरातीमागे ठरावीक पैसे. एकदा एका धुण्याच्या साबणाची जाहिरात आली. त्यातल्या ओळीचा शब्दशः अर्थ फरक अनुभवण्याचा होता. आमच्या चाळीत कपडे धुणाऱ्या कुठल्याही बाईने आयुष्यात फरक अनुभवला नव्हता. फरक बघतात, फरक पडतो, नाहीतर फरक कळतो. मी लिहिलं, ‘फरक बघा की!’ त्या ‘की’वर मी खूश होतो. छापून आलं ‘फरक अनुभवा’. फोन केला तर पलीकडची व्यक्ती म्हणाली, ‘ग्राहकाला ते जास्त मराठी वाटलं.’ ग्राहक दिल्लीचा होता. महिनाभर मी ती जाहिरात बसथांब्यावर बघत होतो आणि पहिल्यांदाच वाटलं, बरं झालं, खाली सही नसते.

तो ‘अनुभवा’ अजून गेलेला नाही. टीव्हीवर तर हिंदी बोलणाऱ्या ओठांवर मराठी शब्द चिकटवतात, ओठ मिटले की शब्द मिटायला हवा, मग वाक्य कसंही मोडो. म्हणून ‘चालेल का’ या प्रश्नाशेजारी मी माझाही एक लिहिला: मराठी ओळ मराठीतच सुचलेली, अशी शेवटची कधी मान्य झाली? आणि नामंजूर झालेल्यातली कुठली अजून आठवते?

शेवटी चिठ्ठ्यांतून निवडून, वाकवून, एकात एक घालून नऊ प्रश्न उरले. पहिला माझा: ‘आम्हाला पाठ आहे, पण तुमची आहे हे माहीत नाही, अशी तुमची एखादी ओळ आहे का?’ यादी पाहुण्यांना आधी पाठवावी की नाही यावर विभागात दोन मतं पडली. आयत्या वेळी विचारलं तर उत्तर खरं येतं, असं एक मत. मला ते पटलं नाही. तीस वर्षांपूर्वीचं विचारायचं असेल तर माणसाला रात्रभराचा तरी वेळ द्यावा. शुक्रवारी संध्याकाळी यादी पाठवून दिली.

रात्री साडेनऊला फोन वाजला.

‘सर, तुमचा पहिला प्रश्न जरा अडचणीचा आहे हो.’

मी म्हटलं, ‘मॅडम, नको असेल तर काढून टाकू या.’

‘काढू नका. ओळ आहे एक. सांगते उद्या, मुलांना नक्की येत असेल. पण ती अर्धीच माझी आहे.’

मला बिल बर्नबाख आठवला. न्यूयॉर्कमध्ये १९४९ साली जाहिरात संस्था काढल्यावर त्याने लिहिणारा आणि चित्र करणारा यांना एका खोलीत बसवलं, तोवर त्यांचे कागद नुसते एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जायचे. वर्गात हे शिकवून झालं होतं. म्हणून विचारलं, ‘उरलेली अर्धी आर्ट डायरेक्टरची का?’

‘छे. आर्ट डायरेक्टर सुट्टीवर होता. स्टुडिओत पेस्टिंग करणारा मुलगा होता एक, डोंबिवलीहून यायचा. माझी ओळ जागेत बसत नव्हती. हातात कटर घेऊन उभा होता तो. म्हणाला, मॅडम, हा शब्द काढला तर? आणि त्याने तो कापलाच. ओळ झाली ती तेव्हा.’ त्या थांबल्या. ‘अख्खी संध्याकाळ त्याचं नाव आठवतेय. चेहरा आठवतो, कटर आठवतो. नाव येत नाहीये. असं कसं होतं, सर?’

यावर काय बोलावं मला कळेना. अकरा वाजता हॉलचं दार उघडेल, प्रोजेक्टरची वायर मी घरून आणतोय, वगैरे सांगून फोन ठेवला.

सकाळी उठलो तर सहा वाजून दहा मिनिटांनी आलेला त्यांचा मेसेज होता. फक्त एक आडनाव आणि त्यापुढे प्रश्नचिन्ह.